रुग्णालयातील प्रसूतीची पूर्वतयारी (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

रुग्णालयातील प्रसूतीची पूर्वतयारी म्हणजे गरोदर स्त्रीने व तिच्या कुटुंबाने प्रसूतीचे ठिकाण ठरविणे, तेथे वेळेत नाव नोंदविणे, आवश्यक तपासण्या करून घेणे, कागदपत्रे, पैसा, वाहन व सोबतीची माणसे यांची आधीच व्यवस्था लावणे होय. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड शहर आणि त्याच्या उत्तरेस खेड तालुक्यात पसरलेला चाकण औद्योगिक पट्टा येथे या तयारीला काही स्थानिक पैलू आहेत. येथील बहुसंख्य तरुण कुटुंबे कामानिमित्त बाहेरून आलेली असतात. सासर व माहेर दोन्ही शेकडो किलोमीटर दूर, घरातील कर्ता पाळीच्या नोकरीत, राहणे भाड्याच्या खोलीत आणि मोठे रुग्णालय अवजड वाहनांनी भरलेल्या रस्त्यापलीकडे, अशी स्थिति अनेकांची असते. जे निर्णय गावाकडे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सहज घेत, ते येथे नवरा-बायकोला दोघांनाच आणि पुष्कळदा प्रथमच घ्यावे लागतात.

पार्श्वभूमी

मराठीत ‘बाळंतपण’ हा शब्द केवळ प्रसूतीच्या क्षणापुरता नाही. गरोदरपणाच्या अखेरच्या दिवसांपासून बाळंतिणीच्या सव्वा महिन्याच्या विश्रांतीपर्यंतचा सारा काळ त्यात सामावतो. पूर्वी या काळाची सूत्रे गावच्या सुईणीकडे असत. रुग्णालयात प्रसूती होणे हा महाराष्ट्रात आता सार्वत्रिक प्रघात झाला असून, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. २०१८-२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडल्यावर वाहन-उद्योग आला. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये, तर महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. चाकणचा विस्तार त्यानंतरचा, मुख्यतः नव्वदच्या दशकापासूनचा आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही शेतीची गावे दोन-तीन दशकांत कामगार-वस्त्या बनली. खोल्या जितक्या झपाट्याने वाढल्या तितक्या झपाट्याने प्रसूतीच्या खाटा वाढल्या नाहीत, ही या पट्ट्याची मूळ अडचण होय.

कामगार स्त्रीच्या बाळंतपणाचा प्रश्न मात्र या प्रांताला नवा नाही. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९२९ चा असून तो देशातील या प्रकारचा पहिला कायदा समजला जातो. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी (१९१७-२००४) यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यावर त्याचा भर होता. आज घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीमागे जी कल्पना आहे, ती या भागाला अशा रीतीने अगोदरच परिचित होती.

माहेर की येथेच?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण अशा सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांत दृढ आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलीला माहेरी नेतात. या रूढीत शहाणपण आहे. पाळीवर जाणाऱ्या नवऱ्याच्या एकखणी घरापेक्षा आईच्या हाताखाली विश्रांती निश्चितच चांगली मिळते. मात्र रूढी घडली तेव्हा प्रसूती घरीच होत असे. आज ती रुग्णालयात होते आणि रुग्णालयाला आधीच्या सात महिन्यांची नोंद लागते. अडचण येथून सुरू होते.

स्त्री चाकणला तपासण्या करते, परंतु तिची फाइल खासगी दवाखान्यात राहते. माहेरच्या रुग्णालयात ती नवव्या महिन्यात प्रथमच जाते. रक्तगट, हिमोग्लोबिन, आधीच्या सोनोग्राफीतील वारेची जागा, मधुमेहाची तपासणी हे सारे पुन्हा करावे लागते किंवा न करताच प्रसूती होते. यासाठी शासकीय नोंदणीवेळी मिळणारे ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ हे सर्वांत महत्त्वाचे कागद होय. त्यावर प्रत्येक भेटीतील वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वात-घटसर्प लसीच्या मात्रा व पुढे बाळाच्या लसी यांची नोंद होते. हे कार्ड राज्यात कोठेही ग्राह्य धरले जाते. खासगी दवाखान्यात तपासणी करणाऱ्या स्त्रीनेही ते अंगणवाडी, आशा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रामार्फत काढून ठेवावे, असे सांगितले जाते ते याच कारणाने.

माहेरी जायचेच असेल, तर प्रवास प्रकृती ठीक असताना व अखेरच्या महिन्यापूर्वी उरकणे, आणि पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तेथील रुग्णालयात नाव नोंदविणे इष्ट असते. आधीचे सिझेरियन, जुळे, वाढलेला रक्तदाब, खाली असलेली वार, तीव्र रक्तक्षय यांपैकी काही असल्यास निर्णय रूढीवर न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. अशा वेळी ज्या गावात रक्तपेढी व भूलतज्ज्ञ नाहीत तेथे जाण्यापेक्षा आईलाच येथे बोलावून घेणे अधिक सुरक्षित ठरते. अलीकडे अनेक कुटुंबे हाच मार्ग पत्करतात. माहेरच खोलीवर येते, असे म्हणता येईल.

परिसरातील रुग्णालये

शहरातील सर्वांत मोठे सार्वजनिक रुग्णालय म्हणजे संत तुकारामनगर, पिंपरी येथील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. लोक त्याला ‘वायसीएम’ म्हणतात. सुमारे ७५० खाटांच्या या रुग्णालयात रक्तपेढी, शस्त्रक्रियागृह व नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आहे. खेड, मावळ, जुन्नर या तालुक्यांतूनही गुंतागुंतीच्या प्रसूती येथे पाठविल्या जातात, त्यामुळे प्रसूतिकक्षात गर्दी असते. महापालिकेची भोसरी, आकुर्डी, थेरगाव व पिंपरी (जिजामाता) येथेही रुग्णालये आहेत. चिंचवडच्या मोहननगरात राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. चाकण येथे राज्य शासनाचे ग्रामीण रुग्णालय असून खेड तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच्या भोवती आहेत. जिल्हा रुग्णालय औंध येथे आहे. याशिवाय पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय, थेरगावचे आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालय आणि असंख्य लहान खासगी प्रसूतिगृहे आहेत.

रुग्णालय निवडताना इमारतीपेक्षा चार गोष्टी विचारणे उपयोगी पडते: रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष हजर असतात की बोलवावे लागतात; भूलतज्ज्ञ किती वेळात येतात; रक्त कोठून आणावे लागते; आणि बाळ अशक्त निघाल्यास त्याला कोठे हलवितात. लहान प्रसूतिगृहात वागणूक अधिक आपुलकीची असते, पण या चार प्रश्नांची उत्तरे तेथे समाधानकारक असतीलच असे नाही. खासगी ठिकाणी साधी प्रसूती व सिझेरियन यांचा अंदाजी खर्च, तसेच बाळाचा वेगळा आकार, लेखी मागून घ्यावा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले. चाकणचे ग्रामीण रुग्णालय व औंधचे जिल्हा रुग्णालय या विभागाची आहेत. महापालिकेची रुग्णालये या निर्णयाच्या कक्षेत नाहीत. त्यांचे दर महापालिका ठरविते.

नोंदणी व तपासण्या

गरोदरपणाची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत, शक्यतो बारा आठवड्यांच्या आत, करणे अपेक्षित आहे. प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून काढतात. ही तारीख म्हणजे अंदाज होय. नेमक्या त्या दिवशी फार थोडी बालके जन्मतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावरची प्रसूती पूर्ण दिवसांची समजतात, म्हणून सारी तयारी ३६व्या आठवड्यापर्यंत संपलेली असावी.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय संस्थांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असल्याने ही एक अनपेक्षित सोयच आहे. खाडा न करता नवऱ्याला तपासणीस सोबत जाता येते.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय, ७ पेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय समजतात. प्रसूतीत रक्तस्राव प्रत्येकीलाच होतो. रक्त आधीच कमी असलेल्या स्त्रीला तो सोसत नाही. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो व मळमळते, या भीतीने पुष्कळजणी त्या मध्येच सोडतात. रंगात बदल होणे निरुपद्रवी असते. गोळी रात्री जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते आणि चहाबरोबर ती घेऊ नये. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ‘अँटी-डी’ इंजेक्शन द्यावे लागते. ते आयत्या वेळी शोधण्याची पाळी येऊ नये म्हणून आधीच विचारून ठेवतात.

सोनोग्राफीत गर्भाचे लिंग विचारणे व सांगणे हे दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हे आहेत.

कामगार विमा व प्रसूती रजा

ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे अशा कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू होते. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. कंत्राटदाराकडील कामगारही यात येतात. विमाधारक पुरुषाच्या पत्नीला या योजनेत प्रसूतीची वैद्यकीय सेवा मिळते; रोख प्रसूती लाभ मात्र स्वतः विमाधारक असलेल्या स्त्रीलाच मिळतो. हा भेद ठाऊक नसल्याने अनेकांचा अपेक्षाभंग होतो.

रोख लाभासाठी लगतच्या दोन वर्गणी-कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे असतात. लाभ सरासरी दैनिक वेतनाइतका व २६ आठवड्यांचा असतो; दोन हयात अपत्ये असलेल्या स्त्रीला १२ आठवड्यांचा. कालखंडाच्या मध्येच वेतनवाढ होऊन मर्यादा ओलांडली, तरी तो कालखंड संपेपर्यंत विमा चालू राहतो. ओव्हरटाइमचे पैसे ही मर्यादा मोजताना धरत नाहीत, म्हणून एखाद्या महिन्याची पावती फुगलेली दिसली तरी विमा गेला असे समजू नये. मात्र शिकाऊ उमेदवार कायद्याखालील प्रशिक्षणार्थी या योजनेत ‘कर्मचारी’ ठरत नाहीत. चाकण पट्ट्यात अशा तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांच्या पत्नींना शासकीय रुग्णालयाचाच आधार धरून नियोजन करावे लागते.

विमापत्रावर पत्नीचे नाव व आधार जोडलेले नसणे ही नेहमीची अडचण आहे. विवाहानंतर नाव बदललेले, आधारवर मात्र माहेरचे नाव, अशा विसंगतीमुळे दाखल होताना खोळंबा होतो. ही दुरुस्ती पाचव्या-सहाव्या महिन्यातच करून घेणे शहाणपणाचे.

ज्यांना विमा लागू नाही अशा नोकरदार स्त्रियांसाठी प्रसूती लाभ कायदा, १९६१ होता. २०१७ च्या सुधारणेने रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यातील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे. या कायद्यातील एक तरतूद फारशी परिचित नाही: प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीच्या एका महिन्यात, स्त्रीने विनंती केल्यास, तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. वायरिंग हार्नेस किंवा सुट्या भागांच्या जोडणीच्या लाइनवर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे, पण विनंती केली तरच ती लागू होते, आणि ती लेखी करून पोच घेतलेली बरी. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या आहेत. खासगी कारखान्यांत पित्यासाठी कायदेशीर रजा नाही. तो आपल्या शिल्लक रजा राखून ठेवतो.

शासकीय योजना

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११) शासकीय संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंत व परत असा प्रवास मोफत आहे. जननी सुरक्षा योजना (२००५) दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना अल्प रोख साहाय्य देते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये थेट स्त्रीच्या बँक खात्यात जमा होतात. खाते स्त्रीच्या स्वतःच्या नावाचे व आधारशी जोडलेले असावे लागते.

प्रवासाचे नियोजन

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या संशोधक स्त्रियांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागील ‘तीन विलंब’ मांडले: निर्णय घेण्यातील, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. चाकण पट्ट्यात दुसरा विलंब विशेष जाणवतो. चाकण ते पिंपरी हे अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे, पण पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता जेथे एकमेकांना छेदतात त्या चौकात, तसेच पुढे मोशी व भोसरीपर्यंत, पाळी सुटण्या-भरण्याच्या वेळी कंटेनर व कंपन्यांच्या बसगाड्या यांनी वाहतूक ठप्प होते. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता वेळेत मोजावे लागते, आणि तो वेळही प्रहरागणिक बदलतो. म्हणून सकाळी, संध्याकाळी व रात्री किती वेळ लागतो हे नवव्या महिन्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहून ठेवतात.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे; गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२ हा क्रमांक आहे. दूरध्वनीवर पत्ता सांगताना नव्या वस्त्यांत पंचाईत होते. ‘अमक्याची चाळ, तिसरी गल्ली’ एवढ्यावर चालकाला खोली सापडत नाही. जवळची शाळा, मंदिर किंवा कंपनीचे प्रवेशद्वार अशी खूण व घरमालकाचा क्रमांक लिहून भिंतीवर लावावा. परप्रांतीय स्त्रीला हा पत्ता मराठी किंवा हिंदीत सांगता येईल इतका सराव असणे आवश्यक आहे, कारण कळा येतात तेव्हा नवरा रात्रपाळीला असू शकतो. अनेक कारखान्यांत कामाच्या जागी मोबाइल नेऊ देत नाहीत. अशा वेळी सुरक्षा चौकीचा किंवा पर्यवेक्षकाचा क्रमांक घरी असावा लागतो. शेजारची एक स्त्री, एक रिक्षावाला आणि रक्त देऊ शकतील असे दोघेजण, इतकी माणसे आधीच सांगून ठेवलेली असली की बरेचसे साधते.

सोबतची पिशवी

आधारकार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, सर्व अहवाल, विमापत्र, रक्तगटाची चिठ्ठी व बँक पासबुकाची प्रत एका फाइलमध्ये ठेवतात. आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, सॅनिटरी पॅड, चप्पल, चादर, तांब्या-भांडे. बाळासाठी दुपटी, लंगोट, अंगडी-टोपडी. जन्मापूर्वी बाळासाठी नवे काही आणू नये अशी रूढी पुष्कळ घरांत आहे. तिच्यात व वैद्यकीय गरजेत विरोध नाही. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची, धुऊन उन्हात वाळविलेली दुपटी नव्या खरखरीत कापडापेक्षा बाळाच्या त्वचेला मानवतात. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या सलाइन लावताना किंवा शस्त्रक्रियेपूर्वी काढाव्या लागतात. याला अपशकुन मानून ऐनवेळी वाद होतात, म्हणून ते घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावलेले चांगले.

रुग्णालयात केव्हा जावे

पहिलटकरणीला साधारणतः दर पाच मिनिटांनी, सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघण्याची वेळ झाली असे समजतात. दुसऱ्या खेपेस प्रसूती लवकर होते, तेव्हा इतके थांबू नये. लांब राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही. खोट्या कळा अनियमित असतात व विश्रांतीने थांबतात.

कळा नसतानाही तत्काळ निघावे अशी लक्षणे पुढीलप्रमाणे: पाणमोट फुटणे (पाणी हिरवट असल्यास अधिकच तातडी), अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, चेहऱ्यावर व हातांवर सूज, ताप, आणि बाळाची हालचाल मंदावणे. ‘बाळ प्रसूतीपूर्वी शांत होते’ हा समज चुकीचा आहे.

शासकीय रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात सोबतीस एक स्त्री राहू देण्याची मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१६ मध्ये काढली. जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे व जी घाबरत नाही अशी स्त्री निवडावी. जागेच्या टंचाईमुळे काही ठिकाणी अडवणूक होते. नोंदणीच्या वेळीच विचारलेले बरे.

प्रसूतीनंतर

साध्या प्रसूतीनंतर किमान ४८ तास रुग्णालयात थांबणे अपेक्षित असते, कारण रक्तस्रावाचा धोका पहिल्या दिवशी सर्वाधिक असतो. पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घेऊन चीक पाजावा. मध, गूळपाणी वा गुटी देऊ नये. क्षयाची बीसीजी लस, पोलिओचे थेंब व कावीळ-ब ची लस जन्मतःच दिली जाते, त्यांची नोंद कार्डावर पाहून घ्यावी.

डिंकाचे व अळिवाचे लाडू, बाळंतशोप, तेल-मालीश ही परंपरा घरी सुखेनैव चालू ठेवता येते. शेक-शेगडीचे मात्र तसे नाही. वाड्याच्या ओसरीवर वा कौलारू घरात धूर निघून जात असे. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या बंद एकखणी खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायू साचून आई व बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. पाचवीच्या व बारशाच्या पाहुण्यांनी बाळाला हाताळण्यापूर्वी हात धुणे हाही याच सावधगिरीचा भाग आहे.

जन्माची नोंद जेथे जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, राहत्या पत्त्यावर नव्हे. महाळुंग्याला राहणाऱ्या स्त्रीची प्रसूती वायसीएममध्ये झाली तर दाखला पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेकडून मिळतो, बीडला माहेरी झाली तर तेथून. रुग्णालय २१ दिवसांच्या आत माहिती पाठविते. अर्जातील आई-वडिलांच्या नावांचे लेखन आधारप्रमाणे आहे ना हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. बाळाचे नाव ठरलेले नसले तरी नोंद अडत नाही. ते एक वर्षापर्यंत विनाशुल्क व पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारनोंदणी, पारपत्र इत्यादी कामांत हाच दाखला जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो.